दोन काळांची ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरी: नाशिकच्या पार्श्वभूमीवर लिहिताना कामाचा क्रम

माळ्यावरची ट्रंक, ट्रंकेत पणजीचे पत्र, आणि पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलेली आजची तरुणी: दोन काळांत चालणाऱ्या ख्रिस्ती कादंबऱ्यांची बरीच हस्तलिखिते इथून सुरू होतात आणि साधारण सहाव्या प्रकरणापाशी अडकतात. पणजीने नेमके काय केले, ते करणे तिला त्या वर्षी शक्य होते का आणि त्यासाठी तिला काय गमवावे लागले, हे लेखकाने ठरवलेलेच नसते. स्त्रीचे धैर्य, प्रेम आणि स्वातंत्र्य हे विषय मोठे असले तरी कादंबरीत ते एका ठरावीक वर्षातल्या, ठरावीक घरातल्या एका निर्णयातूनच दिसतात. म्हणून आधी वर्ष, मग कायदा, मग दोन काळांना जोडणारा कागद, आणि त्यानंतरच प्रकरणे, असा क्रम ठेवावा.

## पूर्वतयारी: कागद कुठून जमवावेत

१८८३ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकविषयक सोळावा खंड आधी वाचावा. रस्ते, बाजार, धान्ये, जाती, देवळे आणि मिशनच्या वसाहती यांची माहिती त्यात एकत्र मिळते. मात्र ती सरकारी नजरेने लिहिलेली आहे, हे विसरू नये. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले सावाना, शहरातच आहे आणि जुन्या मराठी पुस्तकांसाठी पहिली फेरी तिथेच मारावी. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’चे अंक मराठी ख्रिस्ती समाजाची त्या काळची भाषा कानावर पडावी म्हणून वाचावेत. नाशिकला मिशन चालवणाऱ्या चर्च मिशनरी सोसायटीची कागदपत्रे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, तर सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आहे. पहिल्या खर्ड्यासाठी यांतले शेवटचे दोन अनिवार्य नाहीत.

एक पुस्तक मात्र टाळता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. पती, कवी ना. वा. टिळक, यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी स्वतः पाच वर्षांनी, १९०० मध्ये घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसंग उचलण्यासाठी नव्हे, तर घर समजून घेण्यासाठी वाचावीत: स्वयंपाकघरात कोण कुणाशी कसे बोलते, सोवळे किती बारकाईने पाळले जाते, बाईला घराबाहेर पडायला कोणते निमित्त चालते. त्यांच्या आयुष्याची हुबेहूब नक्कल करणारी नायिका वाचकाला लगेच ओळखू येते, आणि ती नेहमी मूळ बाईपेक्षा फिकी असते.

सावधान: टिपणे काढताना प्रत्येक माहितीपुढे वर्ष लिहावे. ‘पूर्वीच्या काळी’ या शब्दांनी सुरू होणारे टिपण कादंबरीच्या कामाचे नाही.

## टप्पा १: दोन्ही काळांची वर्षे ठरवा

‘एकोणिसाव्या शतकातले नाशिक’ ही पार्श्वभूमी होत नाही. १८६५ आणि १८९५ ही दोन वेगळी गावे आहेत. थळ घाटातला रेल्वेमार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला. त्याआधी मुंबईहून निघालेल्या नायिकेला घाट गाडीरस्त्याने चढावा लागेल. त्यानंतर ती आगगाडीतून येईल, पण स्थानक गावापासून दोन-तीन कोसांवर असल्याने पुढचा प्रवास तिला टांग्याने किंवा बैलगाडीने करावा लागेल. १८८९ पासून स्थानक ते गाव अशी घोड्यांची ट्राम धावू लागली. पळून जाणाऱ्या मुलीसाठी हा फरक किरकोळ नाही, कारण ट्राममध्ये तिला चार ओळखीचे लोक पाहणार आहेत. पोस्टकार्ड १८७९ मध्ये आले, पाव आण्याला. ते वाटेत कुणीही वाचू शकत असे, ही सोय कथेत जरूर वापरावी.

त्या काळी शहराबाहेर असलेल्या शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५० च्या दशकात उभी राहिली. समुद्रात गुलामांची गलबते पकडून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींना मुंबईमार्गे तिथे आणून शिकवले जाई. त्यांतले काही १८६४ मध्ये पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळच्या रबाईला परतले आणि १८७५ च्या सुमारास तिथेच सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसल्यावर बरेच जण तिकडे गेले. शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आफ्रिकेतला मिशनरी प्रवासी लिव्हिंगस्टन याच्या दफनाला हजर होता. पुरुषांची अशी नावे पुस्तकांत सापडतात. त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेलेल्या बायका मात्र बहुधा ‘अमक्याची पत्नी’ एवढ्याच उरतात. शरणपुरात लहानाची मोठी झालेली आणि जन्मभूमी आठवत नसताना ‘परत’ पाठवली जाणारी मुलगी ही नायिका मराठीत फारशी कुणी घेतलेली दिसत नाही. माझे मत विचाराल तर नाशिकच्या लेखकाने ब्राह्मण घरातल्या धर्मांतरापेक्षा आधी या विषयाकडे पाहावे.

आजच्या काळाचे वर्षही असेच नक्की करावे. लेखक भूतकाळासाठी ढीगभर टिपणे काढतो आणि आजच्या नायिकेला ‘सध्या’ नावाच्या पोकळीत सोडून देतो. तिची कथा १९९५ मधली आहे की २०१० मधली, यावर पुढचा टप्पा अवलंबून आहे.

तपासणी: दोन्ही नायिकांची जन्मवर्षे, लग्नाची वर्षे आणि मधल्या पिढ्यांची नावे एका कागदावर लिहा. १८७२ मध्ये जन्मलेली बाई १९८५ मध्ये जन्मलेल्या मुलीची आजी असू शकत नाही. पणजीसुद्धा ओढूनताणूनच होते; खापरपणजी बसते.

## टप्पा २: नायिकेपुढचा कायदा आणि घर समजून घ्या

सर्वांत जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून इथे घाई करू नये. उदाहरणासाठी एक कल्पित नायिका घेऊ. सगुणा एकोणीस वर्षांची, सासर पंचवटीत, पदरी दोन वर्षांचा मुलगा, वर्ष १८९१. घरी शिकवायला येणाऱ्या मिशनबाईंमुळे ती वाचायला शिकली आणि आता बाप्तिस्मा घेऊ इच्छिते. बहुतेक खर्ड्यांत ती पुढच्या प्रकरणात शरणपूरला पोचते आणि त्याच्या पुढच्यात एका ख्रिस्ती शिक्षकाशी तिचे लग्न लागते. प्रत्यक्षात असे झाले नसते.

धर्मांतराने लग्न आपोआप मोडत नसे. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेद कायद्याखाली धर्मांतर केलेल्या जोडीदारालाच दाद मागता येई, आणि तीही दुसऱ्याने धर्मांतरामुळे सलग सहा महिने नांदण्याचे नाकारल्यावर. न्यायालय दुसऱ्या पक्षाला बोलावून विचारी आणि नकार कायम असल्यास प्रकरण आणखी वर्षभर थांबवून ठेवी. म्हणजे बाप्तिस्म्यापासून पुनर्विवाहापर्यंत किमान दीड वर्ष जाणार. या दीड वर्षात सगुणा कुणाच्या घरी राहते, काय काम करते, नवरा खरोखरच नकार देईल की ऐनवेळी ‘ये परत’ म्हणेल, आणि त्याने तसे म्हटले तर तिचे मन काय सांगेल? तिच्या प्रेमकथेचा मध्य कायद्यानेच लेखकाच्या हातात ठेवला आहे, तो फेकून देऊ नये.

मुलाचा प्रश्न याहून कठीण आहे. बाप हयात असताना ताबा बापाचा, हीच त्या काळची रीत आणि न्यायालयांची धारणा. सगुणा उंबरठा ओलांडते तेव्हा ती मुलाला मागे ठेवते. हे लिहिणे टाळण्यासाठी लेखक मुलाला तापाने मारून टाकतात. तसे करू नये. तो जिवंत राहिला, वाढला आणि आईशी बोलेनासा झाला, तर आजच्या काळातली नायिका कुणाची वंशज आहे हा प्रश्नही खुला राहतो.

मिळकतीचे गणितही मांडावे. १८५० च्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क बुडत नसे. पण भाऊ असलेल्या हिंदू मुलीचा वडिलांच्या मिळकतीत मुळात हक्क कितीसा होता? कागदावरचे संरक्षण आणि हातातले पैसे यांतले अंतर दाखवणारा एकच प्रसंग पुरतो: स्त्रीधनाचे दागिने सासूकडे अडकलेले आहेत आणि मागायला कोण जाणार, एवढा. नायिका विधवा असेल तर १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाची मोकळीक होती, पण पुन्हा लग्न करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जात असे. १८९१ साली संमतिवय दहावरून बारा झाले. त्यावरची तावातावाची चर्चा सगुणाच्या सासऱ्यांच्या ओसरीवर चालू असायला हरकत नाही, आणि माजघरातून ती कुणी ऐकली हेही दाखवता येईल.

आता आजची नायिका. तिला आपण शलोमी म्हणू. ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ पर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एक कारण पुरत असे, तर बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागासारखे दुसरे कारण सिद्ध करावे लागे. २००१ च्या दुरुस्तीने हा भेद काढला आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची वाटही दिली. शलोमीची कथा १९९५ मध्ये ठेवली तर ती आणि सगुणा दोघीही अशा कायद्यापुढे उभ्या राहतात जो बाईची सुटका अवघड करतो. २०१० मध्ये ठेवली तर कायदा तिच्या बाजूला असूनही मंडळीतले (म्हणजे चर्चच्या समाजातले), कुटुंबातले आणि स्वतःच्या मनातले अडथळे उरतात. दोन्ही कथा चांगल्या होऊ शकतात, पण त्या वेगळ्या आहेत आणि एकीच्या वर्षात दुसरीची अडचण बसवता येत नाही.

सावधान: आजच्या नायिकेला स्वतःचा निर्णय नसेल, ती केवळ जुनी कागदपत्रे वाचत बसत असेल, तर तिची प्रकरणे वाचक उलटून पुढे जातो.

तपासणी: प्रत्येकीसाठी एक वाक्य पूर्ण करा: ‘हा निर्णय घेतल्यास तिला … गमवावे लागेल आणि ते कायद्याने किंवा पैशाने परत मिळणार नाही.’ रिकामी जागा भरता आली नाही तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: दोन काळांना जोडणारा कागद निवडा

ट्रंकेतले पत्र निषिद्ध नाही, पण ते कुणी, कुठल्या लिपीत, कुठल्या पंचांगाने लिहिले आणि शंभर वर्षे कुणी जपले, याची उत्तरे हवीत. सगुणाचे वडील आणि भाऊ मोडीत लिहितील. मिशनबाईंकडे छापील पुस्तकांवरून शिकलेली सगुणा बाळबोधात, म्हणजे देवनागरीत लिहील. शलोमीला सगुणाच्या वडिलांचे पत्र वाचता येणार नाही, सगुणाचे अडखळत येईल. त्यामुळे सगुणाची बाजू आधी कळते आणि वडिलांची मोडी जाणकार सापडल्यावर, अर्ध्या कादंबरीनंतर. लेखकाला रहस्य कृत्रिमपणे लांबवावे लागत नाही, ते लिपीच लांबवते.

तारखांचेही तसेच आहे. हिंदू घरातल्या पत्रावर शके आणि तिथी असेल, चर्चच्या नोंदवहीत इसवी सन. शकात ७८ मिळवले की सन मिळतो हे सर्वांना ठाऊक असते. पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे निसटते. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, म्हणजे माघ, शके १८१६ मधला. त्यात ७८ मिळवले तर उत्तर वर्षभर मागे जाते.

सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे चर्चची नोंदवही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत साधारणपणे तारीख, नाव, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, व्यवसाय आणि विधी करणाऱ्या पाळकाची सही असे रकाने असतात. यांतला कोणता रकाना रिकामा ठेवायचा हे ठरवा. वडिलांचे नाव लिहिले आहे आणि नवऱ्याचे कुठेच नाही. व्यवसायाच्या रकान्यात, जिथे बाईपुढे बहुधा काहीच नसते, तिथे ‘शिक्षिका’ असे नंतरच्या वेगळ्या शाईत भरले आहे. अशा एका ओळीने जे साधते ते तीन पानी पत्राने साधत नाही.

दुसरा कागद नाशिकलाच मिळेल असा आहे. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. सगुणाच्या सासरची वंशावळ तिथे सापडली आणि त्यात तिच्या मुलापुढे आई म्हणून दुसरीच बाई नोंदलेली निघाली, तर चर्चच्या वहीतली सगुणा आणि उपाध्यायांच्या वहीतली न सापडणारी सगुणा यांमधल्या जागेत तुमची कादंबरी आहे.

सावधान: खऱ्या कुटुंबाची नोंद जशीच्या तशी वापरू नये. नोंदवही पाहण्यासाठी पाळकांची परवानगी घ्यावी, आणि रकाने खरे ठेवून माणसे कल्पित करावीत.

## टप्पा ४: दोन्ही कथा आधी स्वतंत्रपणे लिहा

एक प्रकरण तेव्हाचे, एक आताचे असे आलटून पालटून लिहिल्यास दोन्हींची भाषा एकमेकींत मिसळते. सगुणाची कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग लिहावी आणि त्यानंतरच शलोमीची घ्यावी. प्रत्येक कथा स्वतंत्र दीर्घकथा म्हणून उभी राहते का, हे तिऱ्हाइताला वाचायला देऊन पाहावे. साधारणपणे जुनी उभी राहते आणि आजची कोसळते. तसे झाले तर आजचीच पुन्हा लिहावी, जुनीत आणखी भर घालू नये.

## टप्पा ५: श्रद्धेचे प्रसंग तपासा

ख्रिस्ती कादंबरीत श्रद्धा नायिकेच्या कृतीत दिसली पाहिजे, निवेदकाच्या प्रवचनात नव्हे. नेहमी होणाऱ्या चुका तीन आहेत.

पहिली म्हणजे एका रात्रीत होणारे परिवर्तन. लक्ष्मीबाईंच्या आठवणी पाहाव्यात: आधी जातीची बंधने मनातून गळतात, कुणाच्याही हातचे पाणी चालू लागते, आणि बाप्तिस्मा त्यानंतर येतो. सगुणाला असेच टप्पे द्यावेत आणि प्रत्येक टप्पा एखाद्या वस्तूशी बांधावा: पाण्याचा तांब्या, कुंकवाचा करंडा, रविवारी उघडलेले पुस्तक. दुसरी चूक म्हणजे गोरा मिशनरी सोडवणारा आणि हिंदू घर तुरुंग अशी सरळ वाटणी. मिशनची माणसेही शिस्तीच्या, वर्णाच्या आणि पैशाच्या अडीअडचणी घेऊन वागत. आणि सगुणाला गुपचूप पाटी आणून देणारी तिची विधवा आत्याबाई त्याच हिंदू घरातली असू शकते. शरणपूरच्या आफ्रिकी मुलींबाबत तर आणखी सांभाळावे लागते, कारण त्यांनी धर्म निवडला नव्हता, तो त्यांना आसऱ्याबरोबर मिळाला होता. अशा मुलीची श्रद्धा खरी दाखवायची असेल तर मोठेपणी ती तो धर्म स्वतः होऊन निवडते असा प्रसंग लिहावा लागेल, नाहीतर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द पोकळ राहील.

तिसरी चूक ग्रंथांची. पंडिता रमाबाईंचे बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये पूर्णरूपाने प्रसिद्ध झाले. १८९१ ची सगुणा त्यातले वचन म्हणू शकत नाही. आज घरोघरी असलेल्या पवित्र शास्त्राची वाक्येही तिच्या तोंडी घालू नयेत, त्या काळच्या आवृत्तीतून घ्यावीत. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजने १८९५ नंतरची. ती शलोमीच्या उपासनेत शोभतील, सगुणाच्या नाही.

तपासणी: प्रार्थनेचे प्रत्येक दृश्य झाकून पुढचे पान वाचा. पुढे कुणीच वेगळे वागत नसेल, तर ते दृश्य काढून टाका.

## टप्पा ६: दोन्ही कथा एकमेकींत गुंफा

आता मोठा कागद घ्यावा आणि तीन रकाने आखावेत: सगुणाला काय ठाऊक आहे, शलोमीला काय ठाऊक आहे, वाचकाला काय ठाऊक आहे. प्रत्येक प्रकरणानंतर तिन्हींत नोंद करावी. वाचक शलोमीच्या थोडा पुढे असला तर ती चुकीचा निष्कर्ष काढताना त्याचा जीव वरखाली होतो. फार पुढे गेला तर ती त्याला मठ्ठ वाटू लागते. जे सगुणाच्या प्रकरणात घडून गेले तेच शलोमीला पुढच्या प्रकरणात कागदावर सापडले, अशी पुनरुक्ती सर्वाधिक कंटाळवाणी. कागदावरून शलोमीला अर्धवट किंवा चुकीचेच कळू द्यावे. व्यवसायाच्या रकान्यात ‘शिक्षिका’ वाचून तिने पणजीबाईला सुखी समजावे, आणि वाचकाला मात्र ठाऊक असावे की ती नोकरी सगुणाने मुलाला भेटण्याची आशा सोडल्यावर घेतली होती.

दोन्ही काळांची प्रकरणे समसमान असण्याची गरज नाही. ज्या ठिकाणी एका काळातला निर्णय दुसऱ्या काळातल्या निर्णयावर प्रकाश टाकतो, त्याच ठिकाणी काळ बदलावा. केवळ पाळी आली म्हणून बदलू नये. सगुणा न्यायाधीशापुढे उभी असतानाच शलोमीचे वकिलाकडे जाणे सुरू होते, हे ठीक; पण दोघींना एकाच दिवशी एकसारखा पाऊस लागणे टाळावे.

## टप्पा ७: भाषा आणि शेवटचा हात

सगुणा नवऱ्याचे नाव घेत नाही, ती ‘इकडून’ म्हणते. सासऱ्यांना मामंजी, सासूला सासूबाई. गावातली माणसे मिशनबाईंना ‘मडम’ आणि रेव्हरंडांना ‘पाद्रीसाहेब’ म्हणतात. शलोमीच्या घरी पाहुण्यांना ‘सलाम’ केला जातो, पाळकसाहेब येतात, मंडळीची वर्गणी दिली जाते. दोघींनाही ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणू द्यावे; गोदावरीला गंगा म्हणण्याची सवय नाशिकने सोडलेली नाही.

पंथांची गल्लत तपासावी. शरणपूरची परंपरा अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. तिथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ हे नाव नोव्हेंबर १९७० पूर्वी येऊ शकत नाही, आणि तिथला पाळक विवाहित असू शकतो. नाशिक रोडचे बाळ येशूचे देवालय कॅथलिकांचे. तिथे फादर, मिस्सा आणि नोव्हेना हे शब्द येतील. एकाच पात्राच्या तोंडी सकाळी प्रॉटेस्टंटांचे प्रभुभोजन आणि संध्याकाळी कॅथलिकांची मिस्सा आली, तर शरणपूर रोडवरचा कुठलाही वाचक पुस्तक मिटून ठेवील.

यानंतर हस्तलिखित दोघांना द्यावे: एक मराठी ख्रिस्ती घरात वाढलेली वयस्क बाई, जिला घरातली बोली ठाऊक आहे, आणि एक कायद्याचा जाणकार, ज्याला फक्त तारखा तपासायला सांगावे. पुस्तकाच्या शेवटी लेखकाचे टिपण जोडावे. त्यात खरी माणसे कोणती, कल्पित कोणती आणि कोणत्या घटनेची तारीख कथेसाठी किती महिने सरकवली, हे स्पष्ट लिहावे. कायद्यांची वर्षे मात्र सरकवू नयेत.